जुनी मोटार, रोजची वाट : कळमेश्वर-नागपूर प्रवासाचा खरा हिशेब

विशेष प्रतिनिधी

कळमेश्वर : सकाळच्या पाळीची वेळ झाली की काटोल मार्गावर दोन प्रवाह एकमेकांना छेदून जातात. नागपुरात राहून कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे एका दिशेने आणि कळमेश्वर, ब्राह्मणी परिसरात घर असूनही नागपुरातील कार्यालये, महाविद्यालये व दुकाने गाठणारे दुसऱ्या दिशेने. यातील मोठा वर्ग आजही दुचाकीवर आहे. परंतु पोलादाच्या गुंडाळ्या वाहून नेणारे ट्रक, गोरेवाड्याकडील जंगलालगतचा अंधारा टप्पा, वर्षानुवर्षे लांबत गेलेले रस्तारुंदीकरण आणि रात्रपाळीनंतर डोळ्यांवर आलेली झापड हे सारे अनुभवल्यावर अनेक घरांत एकच विषय निघतो. दोन-अडीच लाखांत एखादी जुनी मोटार घेता येईल काय? स्वस्त असावी, रोज निमूटपणे चालावी आणि चालवताना जीव रमावा, एवढीच अपेक्षा. मात्र या तीनही अपेक्षा एकाच गाडीत पूर्ण व्हायच्या असतील, तर किमतीपेक्षा हिशेबाकडे आणि रंगापेक्षा कागदांकडे अधिक पाहावे लागते.

सार्वजनिक वाहतूक पुरेशी असती, तर हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उभा राहिला नसता. कळमेश्वर हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक असले, तरी बहुतेक वेगवान गाड्या येथे न थांबता निघून जातात. नागपूरहून नरखेड, वर्धा, रामटेक आणि भंडाऱ्याकडे ब्रॉडगेज मेट्रो नेण्याची योजना २०१८ मध्ये करारापर्यंत पोहोचली होती. पण योजना आणि वेळापत्रक यांत मोठे अंतर असते. एस. टी.चा आधार आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागत असल्याने तो अनेक घरांसाठी मोलाचाही आहे. तथापि जानेवारी २०२५ मध्ये एस. टी.चे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले आणि रात्री-अपरात्री सुटणाऱ्या पाळीला बस जुळेलच याची शाश्वती नसते. साहजिकच लोक स्वतःच्या वाहनाकडे वळतात.

पंचवीस किलोमीटरचे गणित

घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एका बाजूने २५ किलोमीटर धरले, तर दिवसाला ५०, महिन्याच्या २५ दिवसांत १,२५० आणि वर्षाला १५ हजार किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि जुन्या लहान मोटारीचा सरासरी पल्ला लिटरला १८ किलोमीटर मानल्यास इंधनावर महिन्याला सुमारे ७,३०० रुपये खर्च होतील. हाच प्रवास लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलने सुमारे २,६०० रुपयांत होतो. म्हणजे मोटार घेणाऱ्याने केवळ इंधनापोटी महिन्याला पावणेपाच हजारांची अधिक तजवीज करावयास हवी. अनेक जण गाडीची किंमत जुळवतात, पण हा भार लक्षात घेत नाहीत. मग तीन महिन्यांत मोटार अंगणात झाकून ठेवली जाते आणि पुन्हा दुचाकी बाहेर निघते.

या गणिताला दुसरी बाजूही आहे. एकाच पाळीतील चार सहकारी आळीपाळीने आपापली गाडी काढू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा इंधनखर्च महिन्याला १,८०० रुपयांच्या आसपास येतो. तो दुचाकीपेक्षाही कमी आहे. मात्र खासगी क्रमांकाच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी बसवणे कायद्याला मान्य नाही आणि अशा वापरात अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्यास कारण मिळते. म्हणून पैसे घेण्यापेक्षा गाड्या फिरत्या ठेवणे श्रेयस्कर.

डिझेलच्या मोहाविषयीही येथेच बोललेले बरे. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्याला डिझेल मोटार इंधनात वीस-पंचवीस हजार रुपये वाचवून देऊ शकते, हे खरे. परंतु आठ-दहा वर्षे जुन्या डिझेल गाडीत इंजेक्टर, टर्बो किंवा इंधन पंप यांपैकी एकाचे मोठे काम निघाले, की वर्ष-दोन वर्षांची बचत एका दिवसात संपते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत वर्षानुवर्षे धडधडलेले १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिनही त्याच सुमारास बाजारातून गेले. सीएनजीचे तर नागपुरात वेगळेच दुखणे होते. मार्च २०२२ मध्ये येथे सीएनजीचा दर किलोला १२० रुपयांवर गेला होता. मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून येथील सीएनजी गाडीचा निर्णय घेऊ नये, हा त्यातून मिळालेला धडा. तेव्हा रोजच्या ५० किलोमीटरसाठी साधी, गिअरची, पेट्रोलवर चालणारी लहान मोटार हाच पहिला विचार ठरतो.

नवी स्वस्त झाली, जुनीचे काय?

जुन्या मोटारींच्या बाजाराला सर्वांत मोठा धक्का बसला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवसापासून चार मीटरपेक्षा लहान आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के अधिक उपकर या पातळीवरून १८ टक्क्यांवर आला. मारुती अल्टो के-१० ची सुरुवातीची किंमत तेव्हा ३ लाख ७० हजारांच्या घरात आली. त्यात महाराष्ट्राचा ११ टक्के मोटार वाहन कर आणि विमा मिळवला, तर गाडी रस्त्यावर येईपर्यंत सुमारे ४ लाख ४० हजार रुपये लागतात.

आता तुलना करू. समजा, जुनी मोटार अडीच लाखांना घेतली, टायर-बॅटरीसह सुरुवातीच्या दुरुस्तीवर २५ हजार खर्च केले आणि तीन वर्षांनी ती दीड लाखाला विकली. नवी ४ लाख ४० हजारांना घेऊन तीन वर्षांनी २ लाख ९० हजारांना विकली. जुनीची देखभाल व विमा वर्षाला २० हजार, नवीचा १५ हजार. नवीचा पल्ला लिटरला २० किलोमीटर. आणि अडकलेल्या रकमेवर दोन्हीकडे दहा टक्के व्याज. या गृहीतकांवर ४५ हजार किलोमीटरनंतर जुनी मोटार किलोमीटरमागे सुमारे ११ रुपये ८० पैसे आणि नवी सुमारे १२ रुपये ५० पैसे खर्चाची ठरते. म्हणजे दिवसाला केवळ ३५ ते ४० रुपयांचा फरक. जुनी गाडी एकदा वाटेत बंद पडली आणि मोठा खर्च निघाला, तर तोही उरत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्याच वर्गातील नव्या गाडीच्या रस्त्यावरील किमतीच्या साठ टक्क्यांहून अधिक रक्कम कोणी जुन्या गाडीसाठी मागत असेल, तर तो व्यवहार स्वस्त राहत नाही. विक्रेत्याने कर कमी होण्यापूर्वीचा भाव मनात धरला असेल, तर त्याला नव्या गाडीची किंमत दाखवावी. घासाघीस करण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे. कराचाच आणखी एक तपशील सांगायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या वाहनांवर १८ टक्के कर ठरला, तेव्हा मोठा गोंधळ उडाला होता. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळणाऱ्या फरकाच्या रकमेवर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका गृहस्थाने दुसऱ्याला विकलेल्या घरच्या गाडीला तो लागत नाही.

मजा कशात आहे?

मग जुनी घ्यावीच कशाला? याचे प्रामाणिक उत्तर असे, की तेवढ्याच पैशांत अधिक चांगली गाडी मिळते म्हणून. ज्या रकमेत नवी साधी अल्टो यायला दोन लाख कमी पडतात, त्या रकमेत १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन असलेली सात-आठ वर्षांची मोटार मिळू शकते. मे २००५ मध्ये भारतात आलेल्या स्विफ्टने साध्या घरांतील माणसाला वळणावर गाडी कशी बसते, याची पहिल्यांदा गोडी लावली. होंडा ब्रियो, मारुती रिट्झ, फोर्ड फिगो, चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो या त्याच पठडीतल्या. हलके वजन, चपळ सुकाणू, घट्ट पडणारे गिअर आणि ट्रक मागे टाकताना कमी न पडणारी ताकद हीच रोजच्या चालकाची मजा. मोठा पडदा आणि रंगीत दिवे चार दिवसांत जुने होतात.

परंतु मजेची आणि भरवशाची गाठ येथे पडते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, डॅटसन एप्रिल २०२२ मध्ये संपली आणि पोलोचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. या गाड्या चालवायला उत्तम आणि बाजारात स्वस्त आहेत. फोर्डने तर सुटे भाग व सेवा सुरू ठेवण्याचे आश्वासनही दिले. तरीही ज्याला उद्या सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचे आहे, त्याच्यासाठी कसोटी वेगळी आहे. या गाडीचा क्लच कळमेश्वरात किंवा फार तर वाडीत, एका दिवसात बदलून मिळेल काय? मिस्त्रीने ती याआधी खोलली आहे काय? ज्या गाडीचा समोरचा दिवा मागवायला आठवडा लागतो, ती सुटीच्या दिवशीची दुसरी गाडी म्हणून शोभते, रोजची म्हणून नाही. हौस आणि गरज यांचा मेळ घालायचा, तर १.२ लिटरची स्विफ्ट किंवा त्याच इंजिनाची रिट्झ, त्याखालोखाल हुंडाई आय-१०, वॅगन-आर आणि टाटा टियागो अशी पसंती व्यवहार्य वाटते.

सुरक्षेच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेवावी. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणाही त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सर्व मोटारींत आली. त्यापूर्वी स्वस्त प्रकारांतून या दोन्ही गोष्टी सर्रास वगळल्या जात. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो यांची टक्कर चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. ट्रकांच्या सोबतीने रोज प्रवास करणाऱ्याने पंधरा-वीस हजार अधिक मोजावेत, पण या दोन सोयी असलेलीच गाडी घ्यावी. दुचाकी सोडण्याचे कारणच जर सुरक्षितता असेल, तर तेथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

ऊन, पूर आणि पेट्रोल

विदर्भात गाडीची परीक्षा उन्हाळा घेतो. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता आणि नवतपाचे दिवस दरवर्षी येतातच. म्हणून गाडी सकाळी सातला, थंड हवेत पाहू नये. दुपारी दोनला जावे, वातानुकूलन पूर्ण वेगाने लावून वाहतुकीतून अर्धा तास चालवावी आणि इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. रेडिएटरचे पंख, पाण्याच्या रबरी नळ्या आणि पंख्याचा आवाज तपासावा. टायरच्या कडेवरील चार अंकांतून त्याचे वय कळते. '२२१९' असे असेल, तर तो २०१९ च्या २२ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली, तरी सहा-सात वर्षांचे टायर या उन्हात धोक्याचे.

दुसरी परीक्षा पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या पुराने वस्त्या व तळघरांतील वाहनतळ पाण्याखाली गेले. त्या दिवशी बुडालेल्या मोटारी नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील, असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही. सीटखालचे गालिचे उचलून पाहावेत, आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे काय ते बघावे आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते काय याची खात्री करावी. आतून अत्तराचा वास जरा अधिकच येत असेल, तर सावध व्हावे.

तिसरा मुद्दा नवा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या मोटारींचे भाग त्याला टिकतील असे तयार केलेले आहेत. त्याआधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के मिश्रण गृहीत धरून बनल्या. पल्ल्यात एक-दोन टक्क्यांपासून सहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, असे सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले आणि जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग व गॅस्केट मुदतीआधी बदलावे लागू शकतात, असेही सांगितले. रोज ५० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा टक्के घट म्हणजे महिन्याला चार-साडेचारशे रुपये. आठ-दहा वर्षांची गाडी घेताना इंधनाच्या नळ्या व पंप तपासण्याचा खर्च आधीच धरावा.

खरा धोका कागदांत

यंत्रातील दोष पैशांनी सुटतात, कागदांतील दोष मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. आपल्याकडे मुद्रांकावर लिखापढी झाली, चावी दिली, की व्यवहार संपला असे मानले जाते. कायदा तसे मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. नमुना २९ व ३० त्यासाठीच आहेत. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी हातोहात अनेकांना विकली गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्यानेच द्यायची. विकणाऱ्याने 'आता आपला काय संबंध' असे म्हणून चालत नाही. घेणाऱ्यासाठीही जोखीम आहेच. गाडीच्या हस्तांतरानंतर त्रयस्थ व्यक्तीचा विमा कायद्याने पुढे चालू राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा आपल्या नावे करून घेतल्याशिवाय मिळवणे कठीण. त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलतही गाडीबरोबर येत नाही.

नागपूर ग्रामीणच्या गाड्यांचा क्रमांक एमएच ४० ने, तर शहरातील गाड्यांचा एमएच ३१ किंवा ४९ ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर तो टाकला, की गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र कधी संपते आणि बँकेचा बोजा आहे काय, हे पाहता येते. बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलनेही आधीच पाहून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवलेली हवी. मोटारीसाठी तिचे शुल्क ७४५ रुपये अधिक कर असे ठरले होते. रक्कम किरकोळ असली, तरी पाटी नसेल तर हस्तांतराचे काम अडू शकते.

परराज्यातील, विशेषतः दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबाबत दुप्पट सावधगिरी हवी. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या कमी भावात बाहेर पडत आल्या. ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी मिळवली, की स्वस्ताई बरीचशी उतरते. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील गाडीचेही तसेच. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १० हजार करण्यात आले. त्यावर पर्यावरण कर वेगळा.

व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांसाठी मात्र एक बरी तरतूद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याला परिवहन विभागाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना दिल्यावर तिची जबाबदारी त्याच्यावर येते. 'प्रमाणपत्र दाखवा' एवढे म्हणण्याचा अधिकार ग्राहकाने वापरला, तरी बरेच प्रश्न दारातच सुटतील.

देशात २०२४-२५ या वर्षात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि जुन्या मोटारींची उलाढाल संख्येने त्याहूनही मोठी असल्याचे या व्यवसायातील अंदाज सांगतात. एवढा मोठा बाजार अजूनही ओळखीपाळखीवर आणि मीटरवरील आकड्यावर चालतो. मीटर मागे फिरवता येतो. सेवा केंद्रातील नोंदवही, झिजलेले ब्रेकचे पेडल आणि गुळगुळीत झालेले सुकाणू सहसा खोटे बोलत नाहीत. म्हणून हजार-दीड हजार रुपये देऊन आपला मिस्त्री सोबत न्यावा, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी आणि टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून परतावे. एकाच मालकाची, २०१९ च्या उत्तरार्धातील किंवा नंतरची, साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली, एमएच ४० ची साधी पेट्रोल मोटार नव्याच्या साठ टक्क्यांत मिळाली, तर कळमेश्वरच्या नोकरदाराने ती घ्यायला हरकत नाही. तशी मिळत नसेल, तर दोन महिने थांबावे. तोवर एस. टी. आहे आणि पाळीतल्या एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीत जागाही असेल.